जोडीचा बिघाड

२ फेब्रुवारी

प्राध्यापकबाई,

अक्षर ओळखूनही पाकीट उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. आता उरलेलं निम्मं ऐक. मी समेट करायला लिहीत नाहीये. ज्या गृहस्थाशी तू लग्न केलंस त्याच्याबद्दलचं माझं मत होतं तेच आहे आणि तुझं माझ्याबद्दलचंही तेच असणार. तो विषय बाजूला. मला तुझ्याकडून फक्त एक तांत्रिक माहिती हवी आहे.

बॅटरी शोधताना आईच्या कपाटात, शालींच्या खाली, तुझं पुस्तक सापडलं. मानसशास्त्रातल्या संशोधन पद्धती. वर तुझं नाव, माझ्या आडनावाशिवाय. तू आईला ते पाठवलंस आणि तिने ते माझ्यापासून लपवलं. दोघींचं संगनमत उघडकीला आलं आहे, पण त्यावर नंतर बोलू. मी ते वाचायला घेतलं. पहिली काही प्रकरणं झोप आणणारी आहेत, राग मानू नकोस. पण 'घटकीय आराखडा' हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतोय.

त्यात तू एक चौकट काढली आहेस. विद्यार्थ्यांना पाठांतर करायला लावायचं. काही जणांना गोंगाटात, काहींना शांततेत. काहींना झोप झालेली असताना, काहींना जागरणानंतर. दोन घटक, प्रत्येकाचे दोन प्रकार, म्हणजे चार खाने. माझा प्रश्न असा की चारपैकी तीनच खाने भरले आणि चौथा राहून गेला, तर त्या तिघांवरून चौथ्याचा अंदाज करता येतो का? हो किंवा नाही एवढंच कळव.

इकडे सर्व ठीक. मला लघवीसाठी एक नवी गोळी सुरू झाली आहे, तिने बरं आहे. मध्ये सर्दी झाली होती, गेली. आईचं मनगट मुरगळलंय. बाथरूममध्ये घसरली. काळजीचं कारण नाही.

लिफ्टवाला (निवृत्त)


१० फेब्रुवारी

प्राध्यापकबाई,

उत्तर मिळालं. एवढी मोठी प्राध्यापक आणि पत्र मात्र चार ओळींचं! "नाही, करता येत नाही. दोन घटक एकत्र आल्यावर त्यांचा परिणाम बेरजेसारखा असेलच असं नाही. यालाच आंतरक्रिया म्हणतात. तुम्ही हे कशासाठी विचारताय?"

आंतरक्रिया! जेवताना हा शब्द म्हटला तर ठसका लागायचा. आम्ही याला 'जोडीचा बिघाड' म्हणायचो. एका ऑफिसच्या इमारतीत मी एका लिफ्टपुढे हात टेकले होते. झाडूवालीने मजल्यावरची फरशी पुसून ओली केली तरी लिफ्ट चालायची. माणसांनी गच्च भरली तरी चालायची. पण ओल्या फरशीच्या मजल्यावर भरलेली लिफ्ट आली की अडकायची. उंबऱ्याच्या खाचेत पाणी, आणि वजनाने लिफ्ट खाली दबलेली, त्यामुळे दाराचा विजेचा संपर्क तुटायचा. आमच्या उस्तादांचा नियम होता की एका वेळी एकच भाग बदलून बघायचा. तो नियम मी जन्मभर पाळला आणि त्या लिफ्टने मला महिनाभर नाचवलं. तुझ्या पुस्तकात तेच लिहिलं आहे, की एकेक घटक वेगळा तपासला तर जोडीचा परिणाम हाती लागत नाही. हे वाक्य मला आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आता कशासाठी ते सांगतो. आईला मी हे लिहिल्याचं कळू देऊ नकोस.

जानेवारीत एका दुपारी मी पलंगावर पडलो होतो. जागा होतो, हे लक्षात ठेव. समोर कपाटाशेजारची भिंत, जिच्यावर काही नाही, त्या भिंतीत लिफ्टचं दार होतं. जुन्या पद्धतीचं, दोन फळ्यांचं, सरकणारं. मला आश्चर्य वाटलं नाही, हेच भयंकर आहे. मला वाटलं, हे इथेच तर असतं. मग ते दार उघडलं, आणि मागे लिफ्ट नव्हती. नुसता काळा शाफ्ट, लोखंडी दोर हलताहेत आणि खालून गार हवा येतेय.

तुला ठाऊक आहे की आम्हा लोकांना दुसरं कसलंही भय नसतं. विजेचं नाही, उंचीचं नाही. पण दार उघडं आणि लिफ्ट जाग्यावर नाही, हे दृश्य नुसतं डोळ्यासमोर आलं तरी आमची पाचावर धारण बसते. कारण माणूस बोलत बोलत येतो आणि न बघता पाऊल टाकतो.

संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं. भिंत ती भिंत. मी माझ्या पद्धतीने तपास केला. एका वेळी एकच भाग. नवी गोळी बंद केली, काही झालं नाही. म्हणजे दोष गोळीचा. खात्री करायला आठवड्याने ती पुन्हा सुरू केली, तरीही काही झालं नाही. म्हणजे गोळी निर्दोष. मग उरलो मीच.

तुला आजी आठवते. शेवटी शेवटी ती मला चोर समजून ओरडायची आणि मी जेवणाचं ताट घेऊन दारात उभा असायचो. तेव्हा तू लहान होतीस, तुला मागच्या खोलीत पाठवायचो. त्या ओरडण्याची सुरुवातही एका साध्या दुपारी झाली होती.

मला फार भीती वाटते आहे. हे वाक्य मी आईला म्हणू शकत नाही, म्हणून तुला लिहितोय.

बाबा


१९ फेब्रुवारी

बाळ,

तुझं पत्र आलं, यावेळी दोन्ही बाजूंनी भरलेलं. तू विचारलंस की त्या दुपारी पोटात आणखी काय गेलं होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सर्दीचं औषध! कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मीच आणलं होतं, गोड, झोप आणणारं. डॉक्टरांनी "आणखी काही घेता का" विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, कारण सर्दीचं औषध म्हणजे काय औषध असतं का? दार दिसल्याचं सांगितलं म्हणून त्यांनी मेंदूच्या तपासणीची तारीख दिली आहे, ती एप्रिलमधली.

आता चौकट मांड. गोळी नाही, सर्दीचं औषध नाही, हे माझं नेहमीचं आयुष्य. नुसतं सर्दीचं औषध, म्हणजे गोळी बंद केली ते दिवस, ठीक गेले. नुसती गोळी, म्हणजे ती पुन्हा सुरू केली तेव्हा सर्दी बरी झाली होती, तेही ठीक. आणि दोन्ही एकत्र फक्त त्या दुपारी. चौथा खाना.

तू लिहितेस, "बाबा, डॉक्टरांना दोन्ही औषधांचं सांगा, सर्दीचं औषध पुन्हा घेऊ नका, विषय संपला. स्वतःवर प्रयोग करू नका." विषय संपला कसा? मी दोन्ही एकत्र घेतली नाहीत आणि दार दिसलं नाही, तर त्यातून काय कळणार? ते औषधामुळे होतं की माझ्यामुळे? आजीलाही मधले कितीतरी महिने काही होत नव्हतं. मी रोज दुपारी त्या भिंतीकडे बघत एप्रिलपर्यंत बसायचं का?

आणि आता तुला जे लिहिलं नव्हतं ते. आई बाथरूममध्ये घसरलेली नाही. त्या दुपारी ती कपाटाकडे चालली होती, चादर काढायला. मला दिसलं की ती त्या उघड्या दाराकडे चालली आहे, न बघता. मी उडी मारून तिचा हात धरला आणि ओढला. ती पडली. ती म्हणत होती, "अहो, सोडा, दुखतंय", आणि मी सोडत नव्हतो, कारण माझ्या लेखी ती कड्यावर लोंबकळत होती. मनगट माझ्या मुठीत मुरगळलं. तिने डॉक्टरांना घसरल्याचं सांगितलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या वेळी मला काय दिसेल आणि मी तिला कुठे ओढीन? मला स्वतःच्या हातांची भीती वाटते. म्हणून मला उत्तर हवं आहे, आणि मी ते काढणार आहे. तुझ्याच पुस्तकाप्रमाणे, नीट. एका माणसाचा गट म्हणजे गट नव्हे, हे तू लिहिलं आहेस, पण मी एकच आहे, त्याला काय करणार?

आई मदत करेल. कुठल्या दिवशी कुठला खाना हे तिने ठरवायचं, मला सांगायचं नाही. गोळीसारखीच दिसणारी जीवनसत्त्वाची गोळी आहे. सर्दीचं औषध आलं घातलेल्या संत्र्याच्या रसात मिसळायचं, म्हणजे चव कळणार नाही. मी आतल्या खोलीत, ती बाहेरच्या, मधल्या दाराला तिच्या बाजूने कडी. तिला सगळं समजावून सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "बरं. पण मी देईन तसंच घ्यायचं." इतक्या लवकर तयार होईल असं वाटलं नव्हतं.

बाबा


२५ फेब्रुवारी, दुपार

बाळ,

हे पत्र आतल्या खोलीत बसून लिहितोय. रस आणि गोळी घेऊन झाली आहे. आज कुठला खाना आहे मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं काय असतं ते तू पुस्तकात लिहिलेलं नाहीस. "सहभागी व्यक्तीला आपण कोणत्या गटात आहोत हे कळू देऊ नये." एवढंच लिहून मोकळी झालीस. सहभागी व्यक्तीच्या तोंडचं पाणी पळतं, हेही पुढच्या आवृत्तीत घाल.

भिंत समोर आहे. पांढरी, एका जागी रंगाचा पोपडा आलेला. मी मघापासून त्या पोपड्याकडे बघतोय. तो हलला तर मला कळायला हवं. आता तो मला एखाद्या बटणासारखा दिसायला लागलाय. हे औषधाने दिसतंय की एकटक बघितल्याने? तुझ्या चौकटीत भीतीसाठी खाना कुठे आहे? दोनच घटक धरलेस, मी तिसरा घेऊन बसलोय.

बाहेरून आईच्या बांगड्यांचा आवाज येतोय. ती काहीतरी निवडतेय. मध्येच विचारते, "अहो, आहात ना?" मी म्हणतो, "आहे." ती म्हणते, "काय दिसतंय?" मी म्हणतो, "भिंत." ती म्हणते, "मग बघा निवांत." तुझी आई अशी चेष्टा करू शकते हे मला आत्ता कळतंय.

आता ती आत यायला निघाली तर मी तिला काय म्हणू? मी माझे हात मांडीखाली घेऊन बसलो होतो, लिहिण्यासाठी काढले. तळव्यांना घाम आहे, म्हणून अक्षर फाटलंय. दुसरा काही अर्थ काढू नकोस.

एक विचारायचं राहिलं. तू लहान असताना कामावर माझ्याबरोबर यायचीस आणि मी शाफ्टचं दार उघडलं की माझ्या शर्टाचं टोक मागून घट्ट धरायचीस. मी म्हणायचो, अगं मी पडणार नाही. तू म्हणायचीस, मी धरलंय म्हणून. ते तुला आठवतं का, की ते मीच रचलं आहे? आजी अशा गोष्टी रचायची. खरं काय ते कळव.

अजून भिंतच आहे.

बाबा


३ मार्च

बाळ,

चारही खाने भरले. काल आईने सांगितलं, "झाले सगळे." मी विचारलं, दोन्ही एकत्र कुठल्या दिवशी? ती म्हणाली, गुरुवारी.

गुरुवारी मी खडखडीत होतो. आतल्या खोलीत बसून पंख्याचा रेग्युलेटर उघडून नीट केला. दुपारभर जागा होतो. भिंत भिंतच राहिली. आधी माझा जीव भांड्यात पडला. मोठ्याने हसलो. मग आईच्या तोंडाकडे बघितलं आणि मला त्याचा अर्थ कळला.

दोन्ही औषधं एकत्र पोटात होती आणि काहीच झालं नाही. म्हणजे जोडीचा बिघाड नाही. गोळीचा दोष नाही, औषधाचा नाही, दोघांच्या जोडीचा नाही. मग जानेवारीतलं ते दार आलं कुठून? बाहेरून काही नव्हतं. ते माझ्यातूनच आलं. आणि कारण नसताना आलेली गोष्ट कधीही पुन्हा येते. चुलीजवळ येईल, जिन्यावर येईल, तिच्या हातात सुरी असताना येईल.

तुझ्या पुस्तकाला दोष देत नाही. प्रश्न नीट विचारला म्हणून उत्तर नीट मिळालं. मला ते नको होतं, एवढंच.

मी ठरवलंय. शहराच्या दुसऱ्या टोकाला विसराळू म्हाताऱ्यांची एक संस्था आहे, दाराला बाहेरून कुलूप असणारी. चौकशी केली, जागा आहे. रविवारी जातोय. आईला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं होतं भांडेल.

मी इथे नसलो की तिला भीती राहणार नाही. तू येऊन तिला तुझ्याकडे घेऊन जा. तुझ्या घरातल्या त्या गृहस्थाला सांग की सासू गोड स्वभावाची आहे, सासऱ्यासारखी नाही. त्याच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण तो तिचं मनगट कधी धरणार नाही एवढा भरवसा मला आहे, आणि तो मला माझ्याबद्दल राहिलेला नाही.

शर्टाच्या टोकाबद्दल तू कळवलं नाहीस. पत्र पोचलं नसेल.

बाबा


७ मार्च, शनिवार (मोबाइलवरून)

अगं, ही मी. फोन करता येत नाही, हे शेजारच्या खोलीत आहेत, म्हणून जिन्यात बसून एका बोटाने लिहितेय. चुका असतील. एवढी वर्षं मी बाजारातून तुला चोरून फोन करते तेव्हा तूच बोलतेस आणि मी ऐकते. आज तू ऐक.

ह्यांचं पत्र तुला मिळालं असेल किंवा वाटेत असेल. त्यात लिहिलं आहे की गुरुवारी दोन्ही औषधं एकत्र दिली आणि काही झालं नाही. ते खोटं आहे. मी दिलीच नाहीत.

तू मला फोनवर म्हणाली होतीस, आई, ते ऐकणार नाहीत, तूच देऊ नकोस. मी तेच केलं. बाकीचे तीन प्रकार त्यांनी सांगितले तसे केले, अगदी नेमके. गुरुवारी गोळी दिली. रसात औषध घालायला चमचा भरला आणि हात थांबला. मधल्या दारातून त्यांचा आवाज येत होता, "अगं, किती वेळ?" मी चमचा बेसिनमध्ये ओतला. पाठोपाठ बाटलीही. नळ सोडला, की वास यायला नको. आणि नुसता रस आत नेला.

मला वाटलं, काही होणार नाही, हे खूश होतील, एप्रिलपर्यंतचे दिवस सुखाचे जातील. झालेही गं खूश. किती हसले! मग त्यांनी त्यातून जो अर्थ काढला तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मला तुझी ती चौकट कुठे कळते? मला एवढंच कळत होतं, की विष आहे की नाही ते बघायला आपल्या माणसाला विष देत नाहीत.

आत्ता आत ते सामान भरताहेत. माझ्या मनगटाला बाम लावून दिला आणि म्हणाले, "आता हे बरं होईल." ह्यांनी जायचं काढल्यापासून मी रोज ठरवते, आज सांगीन. सांगितलं तर बॅग रिकामी करतील, हे मला ठाऊक आहे. मग म्हणतील, चौथा खाना राहिला, आता खरोखर भरू. आणि मी नाही म्हटलं तर स्वतः मेडिकलमध्ये जातील. तू ये. उद्याच्या आत ये. तुझं ऐकतील. तुझं पुस्तक उशाशी घेऊन झोपतात.

ते विचारत होते, शर्टाचं टोक धरायचीस ते खरं का. मी म्हटलं खरं आहे, तरी त्यांना ते तुझ्याकडून हवं आहे. ते आधी कळव.

मी आत जाऊन सांगतेच आता. पण तुला एक सांगते, त्यांना नाही सांगणार. चौकट कळत नाही म्हटलं, पण तेवढी कळते गं. बेसिनशी माझा हात का थांबला, ते तू समजतेस त्याच्यासाठी नाही. ते दार पुन्हा येईल, हे मला ओढतील, दुसरंही मनगट जाईल, त्याला मी भ्याले नाही. तसं झालं असतं तर मी पडल्या जागी देवाला हात जोडले असते, की दोष औषधांचा आहे, ह्यांचा नाही.

मी भ्याले, की दोन्ही औषधं खरोखर दिली आणि ते दार आलंच नाही तर.